नृत्यगुरू गेल्यावर मागे काय उरतं?

बॅले म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पायाच्या बोटांवर तोललेली गोरी नर्तकी येते. पण मराठीत हा शब्द आपण नृत्यनाटिकेलाही सर्रास वापरतो. भोर तालुक्यातल्या आंबवड्यासारख्या गावी शाळेचं स्नेहसंमेलन असलं, की रामायणातला एखादा प्रसंग मुलं नाचून दाखवतात, संवाद न बोलता. त्यालाही कुणी सहज बॅले म्हणून जातं. हा प्रकार आपल्याकडे रुजवणाऱ्यांपैकी एक बाई आपल्याच पुणे जिल्ह्यात, खंडाळ्याला राहून शिकवत होत्या, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्यांचं रंगमंचावरचं नाव मेनका. मूळच्या लीला रॉय, जन्म 1899चा, बारिसालचा. परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक झालेले साहिबसिंग सोखी हे त्यांचे पती. चांगल्या घरच्या बाईनं नाचू नये, असा तो काळ. रशियन नर्तकी ॲना पावलोवा हिनं त्यांना धीर दिला आणि मेनका कथकाकडे वळल्या. एकट्यानं सादर करायच्या कथकातून त्यांनी अनेक पात्रांची, सलग कथेची नृत्यनाटिका उभी केली. 1936 ते 1938 या काळात त्यांचा संच युरोपभर हिंडला. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यानं बक्षिसं मिळवली. एका जर्मन चित्रपटातही हा संच नाचताना दिसतो.

परतल्यावर खंडाळ्याला त्यांनी 'नृत्यालयम्' काढलं. कथक, कथकली आणि मणिपुरी एकाच छपराखाली! आज यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा या परंपरा एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. संस्था फार वर्षं टिकली नाही. 1947च्या मे महिन्यात मेनका गेल्या आणि त्यांच्या नृत्यनाटिकाही त्यांच्याबरोबर गेल्या.

असं का होतं? नाटककार गेला तरी संहिता राहते. नाचाची संहिता नाचणाऱ्यांच्या अंगात असते. संच पांगला की ती पांगते. पावलोवा 1931 साली वारली आणि तिची मंडळीही मोडली. त्याआधी 1929मध्ये दिआगिलेव्ह गेला, तेव्हा त्याचा जगप्रसिद्ध रशियन बॅले असाच विखुरला. पण विखुरलेल्यांतलाच बॅलन्शीन न्यूयॉर्कला गेला नि तिथं अमेरिकन बॅले उभा राहिला. त्याच्याकडे पूर्वी नाचलेल्या निनेट द व्हॅल्वा यांनी लंडनमध्ये इंग्रजी बॅलेचा पाया घातला.

मेनकांच्या बाबतीत हे काम दमयंती जोशी या मराठी मुलीनं केलं. मेनकांनी तिला लहानपणापासून स्वतःच्या घरी वाढवलं, संचाबरोबर परदेशीही नेलं. पुढे अच्छन महाराज, शंभू महाराज अशा गुरूंकडे शिकून दमयंतीबाई कथकच्या पहिल्या पंक्तीत बसल्या. 1970 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2004 मध्ये त्या गेल्या. मात्र त्यांचं नाव झालं ते एकल कथकासाठी. बाईंची शिष्या उरली, बाईंचा बॅले उरला नाही. याची मला हळहळ वाटते.

मुंबईत शांती बर्धन यांचं नेमकं उलट झालं. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात आणि मग 'इप्टा'त घडलेला हा बंगाली कलावंत. 1952 साली त्यांनी 'लिटल बॅले ट्रूप' स्थापन केला. क्षयानं शरीर पोखरलेलं असताना त्यांनी 'रामायण' बसवलं, तेही असं की माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी हलतील. 1954 मध्ये ते वारले, तेव्हा संच जेमतेम दोन वर्षांचा होता. तो बुडायला हवा होता. पण पत्नी गुल बर्धन आणि प्रभात गांगुलींसारख्या सोबत्यांनी तो बुडू दिला नाही. मुंबईहून ग्वाल्हेर, तिथून भोपाळ असं बिऱ्हाड हलवत त्यांनी 'रामायण' जिवंत ठेवलं. गुलबाईंना 2010 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. संस्थापकाला मिळाली दोन वर्षं, सांभाळणारीला छप्पन्न! तरी नाव आधी घेतलं जातं संस्थापकाचं.

मालवणचे आचार्य पार्वतीकुमार यांची वाट आणखी वेगळी. तेही नृत्यनाटिकांतलेच. पुढे त्यांना तंजावरचे सरफोजीराजे भेटले, म्हणजे त्यांच्या मराठी नृत्यरचना. इथं शब्द कागदावर शाबूत होते, हरवला होता नाच. पार्वतीकुमारांनी त्या ओळींना पुन्हा हातपाय दिले, त्यावर ग्रंथ लिहिला आणि शिष्यांकडून त्या रचना करवून घेतल्या. त्यांच्याच शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ते मराठी भरतनाट्यम् पुण्यात आणलं. 2012 मध्ये आचार्य गेले, तेव्हा त्यांच्या शिष्यांचेही शिष्य तयार झालेले होते.