कोश कोणता घ्यावा?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. मी पडलो हमालांच्या संघटनेचा कार्यकर्ता. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा कोशांविषयी मी बोलणार ते हत्यार वापरणाऱ्याच्या अनुभवाने.

लातूरच्या मोंढ्यातील एका हमालाने मला एकदा एक कागद दाखवला. त्यात ‘फारखती’ असा शब्द होता. “बायको घरात नांदते आहे, मी फारकत कशाला लिहून देऊ?” म्हणून तो हसला. मीही हसलो, फारकत म्हणजे काडीमोड एवढेच मला ठाऊक. मुनिमाची चूक असेल असे मी म्हटले आणि त्याने अंगठा दिला. पण अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख. देणेघेणे काही उरले नाही, असे लिहून देणे हाही त्या शब्दाचा अर्थ. चार महिन्यांची मजुरी त्या एका शब्दात गेली. त्या दिवसापासून मी कोश बाळगू लागलो.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९४८ पर्यंत येथली कचेरी उर्दूत चालली. नांदेड-लातूरकडचे जुने कागद वाचायचे तर माधव ज्यूलियन यांचा १९२५ सालचा ‘फार्शी-मराठी कोश’ हाताशी हवा. मराठी शब्दांचे मोठे भांडार म्हणजे दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले. इंग्रजीतून मराठी शिकणाऱ्याला मोल्सवर्थ अजून उपयोगी पडतो. मात्र त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणून आजच्या कारखान्यातले शब्द त्यात शोधू नयेत. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात संगणकावर विनामूल्य पाहता येतात. म्हणजे गरिबाला मोबाईलवरही ते मिळतात. सरकारी पत्रव्यवहारासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत.

आता पर्यायकोशाविषयी. लिहिणाऱ्याला तो हवाच; पण तो शब्दांची आठवण देतो, त्यांतला भेद नेहमी सांगतोच असे नाही. निलंबन आणि बडतर्फी हे शब्द शेजारी बसतील. परंतु निलंबित माणसाची नोकरी अजून शिल्लक असते, बडतर्फाची गेलेली असते. अर्जात एकाऐवजी दुसरा शब्द पडला तर मागणीच बदलते. म्हणून पर्यायकोशातून उचललेला शब्द शब्दकोशात तपासल्याशिवाय कागदावर उतरवू नये.

विकत घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. आपल्या बोलण्यातले, आपल्या धंद्यातले दहा शब्द चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या. ते कोशात सापडतात का? एकापेक्षा अधिक अर्थ वेगवेगळे करून दिले आहेत का? वापराचे उदाहरण आहे का? शब्द कोणत्या भाषेतून आला ते सांगितले आहे का? जाड पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरे यांवर जाऊ नका.

आणि शेवटचे. ओळखीचा वाटणारा शब्दच आधी उघडून पाहा. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी तो हसून अंगठा देतो.