जुन्या संगणकांचे लहान जाळे : त्यातील बिघाड आणि त्याचा शोध

मिरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे, पश्चिमेस उत्तनचा समुद्रकिनारा आहे आणि या दोहोंमध्ये मिठागरांची जमीन पसरलेली आहे. अशा हवेत खिडकीचे गज लवकर गंजतात हे येथील प्रत्येक रहिवाशास ठाऊक असते. तीच खारी, दमट हवा संगणकाच्या आतील कार्डावर आणि तारेच्या टोकास असलेल्या पितळी पात्यांवरही आपले काम मुकाट्याने करीत असते, याचा विचार मात्र फारसा होत नाही. भाईंदर पूर्वेच्या एखाद्या औद्योगिक गाळ्यात अक्षरजुळणीचे, म्हणजेच लोकभाषेत डी.टी.पी.चे, दुकान आहे असे समजू. तेथे १९९८ च्या सुमाराचे दोन संगणक, थोडा पुढचा एक आणि अलीकडचा एक, असे चार संगणक एका लहान स्विचला जोडलेले आहेत. त्यांपैकी सर्वांत जुन्या संगणकावर उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळी आणि ख्रिस्ती समाजांच्या बोलींची एक शब्दसूची आहे. एखाद्या अभ्यासकाने ती हाताने टिपून तेथे जुळवून घेतली होती आणि तिची दुसरी प्रत नाही. या संगणकाचा फ्लॉपी वाचणारा भाग बंद पडला आहे. पेन ड्राइव्ह लावावा, तर विंडोज ९८ ला तो ओळखता येत नाही, कारण त्यासाठी लागणारा स्वतंत्र ड्रायव्हर तेथे नाही. राहता राहिली ती जाळ्याची तार. आणि एके सकाळी नेमके जाळेच बोलेनासे होते.

अशा वेळी सर्वसाधारण प्रवृत्ती अशी दिसते की, यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू करावे आणि तेवढ्याने न भागल्यास विंडोज नव्याने बसवावे. यापैकी दुसरा उपाय तर सामग्रीच्या मुळावरच येणारा आहे. पंचवीस वर्षे चाललेल्या हार्ड डिस्कला प्रत्येक नवा प्रारंभ हा एक ताण असतो, आणि तो किती वेळा सोसला जाईल हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून बिघाडाचा शोध क्रमाने घ्यावयास हवा. हा क्रम भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषिक व्यवहाराचे सहा घटक सांगितले. वक्ता, श्रोता, संदर्भ, संदेश, संपर्क आणि संकेतव्यवस्था हे ते होत. यांपैकी शेवटचे दोन येथे विशेष उपयोगी आहेत. तार तुटली असेल तर संपर्क नाही. तार शाबूत आहे, पण दोन यंत्रे निरनिराळ्या नियमांनी बोलत आहेत, तर संकेतव्यवस्था एक नाही. बाहेरून दोन्ही बिघाड सारखेच दिसतात, कारण पडद्यावर उमटणारे वाक्य बहुधा एकच असते. प्रत्यक्षात एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

संपर्काची पहिली खूण म्हणजे कार्डाच्या मागील बाजूस आणि स्विचवर लागणारा लहानसा हिरवा दिवा. तो लागत नसेल तर संगणकाच्या पडद्याकडे पाहण्याचे काहीच कारण नाही. यंत्र बंद करावे, वीज काढावी, कार्ड बाहेर घ्यावे आणि त्याच्या कडेचे सोनेरी पट्टे साध्या खोडरबराने हलकेच पुसून, भुकटी झटकून, कार्ड पुन्हा घट्ट बसवावे. खाडीकाठच्या हवेत एवढ्यानेच पुष्कळ मूक कार्डे बोलू लागतात. तारेच्या टोकाची पाती काळवंडली असतील तर ती घासत बसू नये. टोक कापून नवे बसवावे, कारण त्याचा खर्च किरकोळ आहे. एका गाळ्यातून शेजारच्या इमारतीत तांब्याची तार नेलेली असेल, तर पहिल्या पावसाच्या विजांनंतर दोन्ही टोकांची कार्डे एकदमच गेल्याचा अनुभव येऊ शकतो, हेही येथे ध्यानात ठेवलेले बरे.

तारेचा एक बिघाड मात्र फसवा आहे. आजच्या प्रचलित तारेत आठ धागे, म्हणजे चार पिळलेल्या जोड्या असतात. दहा व शंभर मेगाबिटांच्या जाळ्यात त्यांपैकी दोनच जोड्या वापरल्या जातात. एक जोडी पहिल्या व दुसऱ्या पिनेवर येते, दुसरी तिसऱ्या व सहाव्या पिनेवर. हे 'तिसरी व सहावी' नवख्या कारागिरास विचित्र वाटते. तो दोन्ही टोकांना रंग ओळीने लावतो : पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, पाचवी-सहावी. तार तपासणारे साधे यंत्र आठही दिवे क्रमाने लावून तार निर्दोष असल्याचा निर्वाळा देते, कारण प्रत्येक धागा योग्य त्या ठिकाणी पोहोचलेलाच असतो. परंतु तिसऱ्या व सहाव्या पिनेवरील धागे आता एकमेकांभोवती पिळलेले नसून दोन भिन्न जोड्यांतून आलेले असतात. पिळाचा हेतूच असा की, बाहेरचा गोंगाट दोन्ही धाग्यांवर सारखा पडावा आणि वजाबाकीत नाहीसा व्हावा. तो हेतू येथे फसतो. तार आखूड असेल आणि वेग दहा मेगाबिटांचा असेल तर काम चालून जाते. एखादे दिवशी जुना हब काढून शंभर मेगाबिटांचा स्विच बसविला, की तीच तार 'अचानक' बिघडते, आणि दोष नव्या स्विचच्या माथी येतो.

पातळ समाक्ष तारेवरची जुनी जाळी आता क्वचितच आढळतात. जेथे ती असतील तेथे एक सुलभ परीक्षा सांगता येते. या तारेच्या दोन्ही टोकांस पन्नास ओहमची एकेक टोपी असते. सर्व यंत्रे बंद ठेवून मधल्या एखाद्या जोडावर मध्यतार व कवच यांमधील रोध मोजावा. दोन पन्नासांचे समांतर मूल्य पंचवीस येते. पंचवीसच्या आसपास आकडा आला तर तार अखंड आहे. पन्नास आला तर एका बाजूची टोपी गळाली आहे किंवा त्या बाजूस तार तुटली आहे. अशा तारेत एक खंड पडला की सारे जाळे बंद पडते, आणि मूळ इथरनेटची ही उणीव फार काळ सोसावी लागली. जाता जाता एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मांडली. तिचा नियम असा की, बोलण्यापूर्वी ऐकावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबावे. आणि प्रत्येकाने अनियमित काळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करावा. पुढच्याच वर्षी सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफर्सन यांचा संभाषणातील पाळीविषयीचा लेख 'लँग्वेज' या नियतकालिकात आला. त्यांनी मानवी संभाषणात जे नियम दाखवून दिले, ते या तारेवरच्या नियमांशी काही अंशी जुळतात. फरक असा की, सोळा वेळा टक्कर झाल्यावर कार्ड तो प्रयत्न सोडून देते. माणसे सोडतातच असे नाही.

दिवा लागला म्हणजे संपर्क झाला, असे मात्र एकदम समजू नये. येथे 'पिंग' ही आज्ञा उपयोगी पडते. माइक म्यूस यांनी ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली आणि पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला नाव दिले. याकोबसन यांच्या परिभाषेत पिंग हे शुद्ध संपर्कसाधक उच्चारण होय. 'ऐकू येते का?' याखेरीज तिच्यात काही आशय नसतो. परंतु ती कोणास करावयाची, याविषयी पुष्कळ गैरसमज दिसतात. १२७.०.०.१ या पत्त्याकडून उत्तर आले, तर त्या यंत्रावर टी.सी.पी./आय.पी. ही व्यवस्था बसलेली आहे एवढेच सिद्ध होते. तो स्वतःशी केलेला संवाद आहे आणि त्याचा एक शब्दही तारेवर जात नाही. स्वतःच्या पत्त्यास केलेल्या पिंगचीही गोष्ट जवळजवळ तशीच. शेजारच्या यंत्राकडून उत्तर आले तरच तारेची परीक्षा झाली. आणि उत्तर न आले तर? विंडोज एक्सपीच्या २००४ साली आलेल्या दुसऱ्या सुधारणासंचापासून तिची संरक्षक भिंत आपोआप चालू असते आणि पिंगला उत्तर देणे ती नाकारू शकते. म्हणून पिंग एक्सपीकडून ९८ कडे करावी, उलट नव्हे. मौनाचे दोन अर्थ असतात आणि त्यांतील एक येथे आधीच वगळता येतो.

पिंग व्यवस्थित चालते, लहान मजकूरही जातो, पण मोठी फाइल मुंगीच्या गतीने सरकते, असा एक प्रकार आहे. त्याचे कारण पुष्कळदा असे की, एका टोकास कोणी हाताने 'दोन्ही बाजूंनी एकदम' बोलण्याची रीत ठरवून दिलेली असते आणि दुसरे टोक ती रीत आपोआप ठरवू पाहते. समोरून वाटाघाट होत नाही असे दिसताच ते 'एकाआड एक' ही रीत धरते. थोडे बोलणे असेल तोवर हा विसंवाद कळत नाही. दोन्ही टोके आपोआप ठरविण्यावर ठेवली की तो मिटतो.

पत्त्यांच्या बाबतीत एवढे पाहणे पुरे. चारही यंत्रांचे पत्ते एकाच मालिकेतील असावेत, कोणतेही दोन सारखे नसावेत आणि उपजाळ्याचा मुखवटा सर्वत्र एकच असावा. एखाद्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्यास पत्ता देणारा कोणी न भेटल्याने त्याने तो स्वतःच घेतला आहे असे समजावे.

याहून अधिक गोंधळ नावांचा आहे. पिंग चालते, तरी 'नेटवर्क नेबरहूड'मध्ये यंत्राचे नाव दिसत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. या यादीची रचना समजली तर तिच्यावर फार विसंबू नये हे आपोआपच कळते. जाळ्यातील एक यंत्र निवडणुकीने यादीपाल बनते. इतर यंत्रे आपली हजेरी साधारणतः दर बारा मिनिटांनी देतात आणि तीन हजेऱ्या चुकल्यावर नाव काढले जाते. त्यामुळे बंद झालेले यंत्र अर्धा तास यादीत दिसू शकते आणि चालू झालेले काही काळ दिसत नाही. यादीपालच मध्येच बंद केला, तर नव्या निवडणुकीपर्यंत सारेच अंधारात राहते. म्हणून यादी न पाहता यंत्राचे नाव थेट लिहून त्याच्याकडे जावे. हे नाव पंधरा अक्षरांहून मोठे असू नये. सोळावी जागा सेवेचा प्रकार दाखविण्यासाठी राखलेली आहे. विंडोज ९८ सुरू होताना नाव व संकेतशब्द विचारणारी जी चौकट येते, ती 'कॅन्सल' म्हणून दूर सारण्याची सवय पुष्कळांस असते. तसे केले की यंत्र नेहमीसारखे चालते, पण जाळ्यात प्रवेश मिळत नाही. तासन्‌तास चाललेला शोध कधी कधी येथे संपतो.

आता खरी अडचण येते ती चौथ्या, अलीकडच्या यंत्राशी. विंडोज ९८ ला फाइली वाटून घेण्याची एस.एम.बी. ही भाषा तिच्या पहिल्याच रूपात येते. या रूपातील दुर्बलतेचा फायदा घेऊन २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' हा उपद्रव जगभर पसरला. विंडोज १० च्या त्याच वर्षीच्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसविलेल्या यंत्रांत हे जुने रूप सामान्यतः दिलेलेच नसते. तार, पत्ता, नाव सर्व ठीक असूनही ही दोन यंत्रे एकमेकांस समजत नाहीत, ती यामुळे. नव्या यंत्रास जुनी भाषा पुन्हा शिकविता येते. पण ते यंत्र इंटरनेटला जोडलेले असल्याने तसे करणे शहाणपणाचे नाही. मधले एक्सपीचे यंत्र दुभाष्याचे काम करू शकते. इंटरनेटची तार आणि नवे यंत्र स्विचपासून वेगळे करावे, एक्सपीवरून ९८ मधील फाइली ओढून घ्याव्यात, त्या पेन ड्राइव्हवर उतरवाव्यात आणि नव्या यंत्राकडे न्याव्यात. एक्सपीस पेन ड्राइव्ह ओळखता येतो. जुने यंत्र विंडोज ९५ चे असेल तर त्यावर केवळ नेटब्यूई ही रीत बसविलेली असण्याचा संभव आहे, आणि एक्सपी ती आपोआप बोलत नाही. अशा वेळी ९५ वर टी.सी.पी./आय.पी. बसवावे. फाइलींची नावे रोमी लिपीतच असावीत. एक्सपीवर देवनागरीत दिलेले नाव ९८ ला वाचता येत नाही.

फाइल पोहोचली, उघडली, आणि पडद्यावर रोमी अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक रांग दिसली, तर जाळ्यास दोष देऊ नये. संदेश अक्षरशः जसाच्या तसा आला आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली निश्चित झाले होते, तरी छपाईच्या व्यवहारात निरनिराळ्या संस्थांचे स्वतःचे अक्षरसंच रूढ झाले. त्यांत रोमी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत, आणि कोणता आकार कोणत्या जागी, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता नव्हती. त्यामुळे फाइलीबरोबर जुन्या यंत्राच्या 'फॉन्ट्स' या कप्प्यातील मूळ अक्षरसंचही आणावा. तो नसेल तर सूची वाचता येणार नाही. यानंतर युनिकोडमध्ये रूपांतर करताना केवळ आकारास आकार बदलून भागत नाही. जुन्या संचांत मजकूर डोळ्यास दिसेल त्या क्रमाने साठविलेला असतो : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. 'कीर्ति' या शब्दात हे दोन्ही फेरफार एकाच अक्षरावर करावे लागतात, आणि रूपांतर करणारी साधने नेमकी अशा ठिकाणी चुकतात. प्रमाण मराठीच्या मजकुरात अशी चूक वाचकाच्या सहज लक्षात येते. बोलीच्या शब्दसूचीत ती बोलीचेच वैशिष्ट्य म्हणून नोंदली जाण्याचा धोका आहे. म्हणून जुने यंत्र चालू आहे तोवर, त्याला जोडलेल्या छपाईयंत्रावर संपूर्ण सूचीची एक कागदी प्रत काढून घ्यावी आणि रूपांतरित प्रत तिच्याशी शब्दशः ताडून पाहावी. यंत्रातील बॅटरी संपलेली असल्यास फाइलींवरील तारखाही विश्वसनीय नसतात. १ जानेवारी १९८० ही तारीख दिसली तर ती सूचीच्या रचनेची नव्हे, घड्याळ थांबल्याची नोंद होय.