पुण्याने ओळखलेली कावीळ

घरात कोणाचे डोळे पिवळे झाले, की आपल्या नगर जिल्ह्यात आजही वैद्यकीय तपासणीआधी माळ घालणाऱ्याचा पत्ता हाती येतो. माळ रोज लांबत जाते आणि कावीळ उतरत असल्याची घरच्यांची खात्री पटते. वस्तुतः हिरव्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ वाढते. पाण्यातून होणारी विषाणुजन्य कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. परंतु प्रत्येक कावीळ एक नसते. हे आपल्याला नेमके कळण्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे.

1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचले. तुरटी व क्लोरीन वाढवण्यात आले, त्यामुळे कॉलरा-टायफॉइड फोफावले नाहीत. तरीही सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. पुढे पंचवीस वर्षे ही साथ हिपॅटायटिस ‘ए’ची मानली गेली. 1980 साली पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा तो ‘ए’ नव्हता आणि ‘बी’ही नव्हता.

मग होता कोण? या प्रश्नामागे ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्यांत डॉ. विद्या अरणकल्ले यांचे नाव अग्रभागी आहे. 1988 साली त्यांनी व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या आजाराशी निगडित विषाणुसदृश कणांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. (त्याआधी 1983 मध्ये मॉस्कोच्या बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतील अंश स्वतः प्राशन करून कावीळ ओढवून घेतली होती! पुण्याची वाट अधिक संयमाची.) या विषाणूला पुढे हिपॅटायटिस ‘ई’ हे नाव मिळाले आणि भारतातील पाण्यातून पसरलेल्या मोठ्या साथींपैकी बहुतेक साथी त्याच्याच असल्याचे अरणकल्ले यांच्या पुढील अभ्यासांनी दाखवले.

वृद्धांच्या घरांसाठी याचा अर्थ काय? आजच्या आजी-आजोबांच्या पिढीतील बहुतेकांना ‘ए’ बालपणीच, कित्येकदा नकळत, होऊन गेलेला असतो व त्याची प्रतिकारशक्ती टिकते. ‘ई’ मात्र प्रामुख्याने प्रौढांना गाठतो. ज्यांचे यकृत मद्याने, जुन्या ‘बी’-‘सी’ संसर्गाने किंवा अन्य कारणाने आधीच कमकुवत आहे, त्यांना तो थेट यकृत निकामी होण्यापर्यंत नेऊ शकतो. घरात गर्भवती सून असेल तर धोका आणखी गंभीर. शेवटच्या तिमाहीत या आजाराने 20 ते 25 टक्के स्त्रिया दगावू शकतात. चीनमध्ये 2011 साली लस मंजूर झाली. आपल्याकडे ती नेहमीच्या वापरात नाही. तेव्हा भिस्त पाण्यावरच.

आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. एरवी रिकाम्या नळवाहिनीत, गळतीच्या जागी, शेजारच्या गटाराचे पाणी शिरते. पाथर्डी-पारनेरकडे उन्हाळ्यात टँकर येतो. गढूळ पाण्यात क्लोरीनचे थेंब पुरेसे काम करत नाहीत. पाणी निवळून, गाळून, खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. काविळीवर उतारा म्हणून रुग्णाला रस्त्यावरचा उसाचा रस पाजणाऱ्यांनी त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे एकदा विचारावे. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल किंवा झाडपाल्याचे काढेही देऊ नयेत. दोन्हींचा भार यकृतावरच पडतो.

राहिला माळेचा प्रश्न. माझ्याकडे सत्तरीचे एक गृहस्थ तीन आठवडे माळ घालून आले. ताप नव्हता, पोट दुखत नव्हते. अंगाला खाज, पांढुरकी शौचास आणि घटलेले वजन. ही पाण्यातली कावीळ नव्हती. स्वादुपिंडातील गाठीने पित्तनलिका दाबली होती. शस्त्रक्रिया झाली, पण ते तीन आठवडे हाती असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. साठीनंतर कावीळ दिसली, तर त्याच आठवड्यात रक्ताची तपासणी व पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. झोप उलटीपालटी होणे, बोलण्यात असंबद्धता, काळी शौच किंवा रक्ताची उलटी दिसली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.