गुंगी आणि भूल

कामगार गप्प बसला की त्याचे दुखणे थांबले, असे गिरणीचा मालक समजे. घरच्या कुत्र्याबाबत आपण ती चूक करू नये, म्हणून आम्ही हे सांगत आहोत. गुंगी निराळी, भूल निराळी. असिप्रोमाझिनने जनावर शांत पडते, पण त्याची वेदना शमत नाही. शस्त्रक्रियेस भूल हवी आणि वेदनाशामकही हवे. त्यापूर्वी डॉक्टर सांगतील तितके तास कुत्र्यामांजराला उपाशी ठेवावे. मायेने भरविलेला घास भुलीत उलटून श्वासनलिकेत गेला, तर प्राणावर बेतते. ससा मात्र ओकू शकत नाही. त्याला उपाशी ठेवू नये. आणि डॉक्टरांना अवश्य विचारावे, “वेदनेसाठी काय देणार?” त्या मुक्या जिवाला ते विचारता येत नाही.