भूल आणि उतारवय

सातपुड्यातला म्हातारा पडून खुब्याचे हाड मोडून घेतो, पण नंदुरबारच्या इस्पितळात शस्त्रक्रियेला नकार देतो. का? भुलीने डोके जाईल! ही भीती अगदीच निराधार नाही. साठीपुढील बाराशेंवर रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने सुमारे २६ टक्के रुग्णांची स्मृती वा विचारशक्ती मंदावलेली आढळली; तीन महिन्यांनी १० टक्क्यांची. प्रारंभी कमी शिकलेल्यांना धोका अधिक, हे आम्हां कामगारांनी ध्यानात ठेवावे.

मग दोष भुलीचाच काय? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिका-कॅनडात खुबा मोडलेल्या काहींना पूर्ण भूल दिली, काहींना पाठीत सुई देऊन कमरेखालीच बधिर केले. भ्रम दोहोंकडे जवळजवळ सारखाच! म्हणजे दुखापत, वेदना, जंतुसंसर्ग, झोपमोड यांचाही वाटा आहे.

आमचे सांगणे एवढेच: दारूची सवय व चालू औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत. शुद्धीवर येताच चष्मा, कानयंत्र द्यावे. घरच्या माणसाने भिली, अहिराणी, जी बोली असेल तीत बोलावे. रुग्ण बरळू लागल्यास डॉक्टरांना कळवावे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून त्याला निकालात काढू नये.