एकच बऱ्हाणपूर, तीन नोंदी

खान्देशच्या इतिहासावर लिहायला बसलं की बऱ्हाणपूर टाळता येत नाही. फारुकी सुलतानांची ही राजधानी आज मध्य प्रदेशात असली, तरी मराठीत तिचं नाव लिहिताना ‘ऱ्ह’ लागतोच. आणि संगणकावरची खरी अडचण या ‘ऱ्ह’पाशीच आहे. एक जण इन्स्क्रिप्ट कळफलकावरचा स्वतंत्र ‘ऱ’ वापरतो. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या ‘र’ला नुक्ता जोडून तोच ‘ऱ’ तयार होतो. तिसरा ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात, छापले तरी सारखेच. मुरलेला मुद्रितशोधकही त्यांत फरक काढू शकणार नाही.

हे तीन शब्द तीन फाईलींत, शेवटी एंटर न मारता, साठवा आणि त्या गिटच्या, म्हणजे फाईलींच्या आवृत्त्या राखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हवाली करा. मग टर्मिनलवर ‘गिट कॅट-फाईल -एस’ ही कमांड देऊन प्रत्येकाचा आकार विचारा. पहिला २७ बाइट, दुसरा ३०, तिसराही ३०. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेतं. हिशेब त्यावरून लागतो. दुसरा आणि तिसरा आकारानेही सारखे, पण गिटने तिघांना दिलेली चाळीस अंकाक्षरांची नावं मात्र पार वेगळी. ‘गिट ग्रेप’ने एक रूप शोधलं तर दुसरी दोन सापडत नाहीत. खान्देशच्या कागदांची सूची करणाऱ्याचा यात घात होऊ शकतो: नोंदी असतात, पण शोधात येत नाहीत.

लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं ते एप्रिल २००५ मध्ये. लिनक्स कर्नलचं काम तोवर बिटकीपर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चाले आणि ते सॉफ्टवेअर फुकट मिळणं बंद झालं होतं. गिटच्या अगदी पहिल्या नोंदीत मोजके सात प्रोग्राम होते, आणि त्यांत कॅट-फाईल होताच. मला हे फार मोलाचं वाटतं. साठवण्याची सोय आणि साठवलेलं उघडून पाहण्याची सोय, दोन्ही एकदमच आल्या.

या गोष्टीचं मोल धुळ्याला वेगळं सांगावं लागू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा; पुढे खंड बावीस झाले. आधी अस्सल कागद, मत मागाहून, हा राजवाड्यांचा आग्रह. आज मोडी पत्राचं लिप्यंतर संगणकावर करणाऱ्याने आधी काय वाचलं, नंतर कोणता पाठ बदलला, हे जपलं नाही तर मूळ कागद आणि छापील पान यांच्यामधली सगळी वाट पुसली जाते. गिट ती वाट राखतं. पण नेमकं काय राखलं गेलं, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

उघडायचं कसं? रिपॉझिटरीतल्या ‘.गिट’ या लपलेल्या फोल्डरात ‘ऑब्जेक्ट्स’ नावाचं दालन असतं. ऑब्जेक्टच्या, म्हणजे गिटने साठवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या, चाळीस अंकाक्षरी नावाची पहिली दोन अक्षरं उपफोल्डरला आणि उरलेली ३८ फाईलला मिळतात. ती फाईल थेट उघडली तर काहीच वाचता येत नाही, कारण मजकूर झेडलिबने आवळलेला असतो. आत आधी प्रकार, मग बाइटांची संख्या, एक शून्य बाइट आणि त्यापुढे मजकूर. या सगळ्यावर शा-१ या हॅश-पद्धतीचं गणित करून नाव निघतं; एक बाइट हलला तरी नाव बदलतं. (फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकाच शा-१ नावाच्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या, त्यानंतर गिटने अशी लबाडी ओळखणारी तपासणी आत घेतली.) कॅट-फाईलला ‘-टी’ जोडलं की प्रकार कळतो: ब्लॉब (फाईलचा मजकूर), ट्री (फोल्डरची यादी), कमिट (बदलाची नोंद) किंवा टॅग (खूणचिठ्ठी). ‘-पी’ जोडलं की आतला मजकूर समोर येतो.

‘-पी’ने बऱ्हाणपूर पुन्हा तिन्हीकडे सारखंच दिसेल. म्हणून त्याचं उत्तर ‘ओडी -बी’ या कमांडकडे वळवायचं, म्हणजे बाइट अष्टमान अंकांत उलगडतात. पहिल्यात ‘ब’च्या पुढे ३४० २४४ २६१ दिसेल, तो स्वतंत्र ‘ऱ’. दुसऱ्यात ३४० २४४ २६० आणि लगेच ३४० २४४ २७४, म्हणजे ‘र’ आणि नुक्ता. तिसऱ्यात ‘र’ आणि हलन्तापुढे ३४२ २०० २१५. तेच ते अदृश्य जोडचिन्ह. कोणतं रूप ठेवायचं ते एकदा ठरवावं आणि प्रकल्पभर तेच पाळावं. मी स्वतंत्र ‘ऱ’च्या बाजूने आहे.

फाईलींना मराठी नावं देणाऱ्यांना हे अंक आणखी एका जागी भेटतात. ब्लॉबमध्ये फाईलचं नाव नसतंच, ते ट्रीमध्ये असतं. आणि ट्री उघडली की मराठी नावाऐवजी ३४०-२४४ची रांग लागते. नाव बिघडलेलं नसतं. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की ते नीट वाचता येतं.

जळगावचा प्रश्न जास्त नाजूक आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली, म्हणून त्या ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्यावर १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ निघू शकलं. अशा बोलीतल्या गाण्यांचा पाठ कुणी उत्साहाने प्रमाण मराठीच्या वळणावर नेला, तर बोलीच जाते. गिटमध्ये ठेवलेला आधीचा पाठ त्याच्या ब्लॉबमध्ये शाबूत राहतो, आणि बदल कुणी केला हे कमिट सांगतं. कमिटमध्ये ‘ऑथर’ आणि ‘कमिटर’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात: बदल करणारा एक, तो नोंदवणारा एक. गाणारीसाठी तिसरी ओळ नाही. आजही आसोदा-जळगावच्या पट्ट्यात कुणी आजीबाईंच्या तोंडची ओवी टिपून घेत असेल, तर त्याने त्यांची परवानगी घेऊन त्यांचं नाव, गाव आणि गायल्याची तारीख कमिटच्या संदेशातच लिहावी. संदेश हा कमिट ऑब्जेक्टचाच भाग असतो. त्यातलं एक अक्षर बदललं तरी कमिटचं नाव बदलतं.