आराखडा कोणी लिहायचा?

जैवविविधता कराराच्या सहाव्या राष्ट्रीय अहवालाच्या नमुन्यात प्रत्येक उद्दिष्टाखाली प्रगतीचा एक रकाना होता. त्यात सहा पर्यायांपैकी एक निवडायचा: उद्दिष्टाच्याही पुढे जाऊ, उद्दिष्ट गाठू, प्रगती आहे पण वेग अपुरा, फारसा फरक नाही, उलट्या दिशेने चाललो आहोत, आणि शेवटचा, माहीत नाही. त्याखाली या उत्तराची तुम्हाला कितपत खात्री आहे, असाही प्रश्न होता. कुठल्याही देशाच्या पर्यावरण मंत्रालयात बसलेल्या अधिकाऱ्याची कल्पना करा. उलट्या दिशेने चाललो आहोत यावर खूण केली तर वरचे साहेब बोलावून घेणार. माहीत नाही म्हटलं तर इतकी वर्षं काय केलंत, असं विचारणार. राहता राहिला मधला पर्याय.

२०२० साली कराराच्या सचिवालयाने या उत्तरांचा हिशोब एका पुस्तकात मांडला. देशांनी स्वतःपुरत्या ठरवलेल्या उद्दिष्टांपैकी ३७ टक्के उद्दिष्टं पुरी होतील किंवा त्याहून पुढे जातील, असं देशांचं म्हणणं होतं. ५१ टक्क्यांपुढे ‘प्रगती आहे, पण वेग अपुरा’ ही खूण होती. उलट्या दिशेची कबुली फक्त १ टक्क्याबाबत. त्याच पुस्तकात दुसरा निष्कर्षही होता. २०१० मध्ये जपानच्या आइची प्रांतात सगळ्या देशांनी मिळून जी २० जागतिक उद्दिष्टं ठरवली होती, त्यांतलं एकही पूर्णपणे गाठलं गेलं नव्हतं. सहा उद्दिष्टं अर्धीमुर्धी साधली होती, इतकंच.

यात कुणी खोटं बोललं असं म्हणायची गरज नाही. देशांनी उद्दिष्टं आपापल्या सोयीने बेतली होती. जागतिक उद्दिष्टांशी नीट जुळणारी त्यांत एक चतुर्थांशही नव्हती. घरचा पेपर घरीच काढला की पास होणं सोपं जातं.

मूळ करार १९९२ मध्ये रिओला झाला आणि २९ डिसेंबर १९९३ रोजी अमलात आला. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे प्रत्येक देशाने आपला राष्ट्रीय आराखडा तयार करायचा आणि सव्विसाव्या कलमाप्रमाणे तो कितपत पार पाडला याचा अहवाल द्यायचा. आराखडा केला नाही किंवा अहवाल दिला नाही, तर दंड नाही, निर्बंध नाहीत. १९६ सदस्यांच्या या करारात एकमेकांना जाब विचारायचं साधन म्हणजे ही दोन कागदपत्रं. त्यामुळे ‘अहवाल म्हणजे कारकुनी काम’ ही समजूत मला पटत नाही. या करारात कारकुनी बंद पडली तर मागे फारसं काही उरत नाही.

ही कागदपत्रं तयार करायला मदत करणारी एक आंतरराष्ट्रीय यंत्रणा गेली पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. तिला एक नाव नाही. दर काही वर्षांनी नवा प्रकल्प येतो, नवं लघुनाम येतं, काम मात्र तेच. पैसा देते ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी, म्हणजे ‘जेफ’. हिचं मुख्यालय वॉशिंग्टनला. तो देशांपर्यंत पोचवतात प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, म्हणजे यूएनडीपी, आणि नैरोबीचा पर्यावरण कार्यक्रम, म्हणजे यूनेप. कराराचं सचिवालय माँट्रियलला, नकाशे आणि आकडेवारी सांभाळणारं यूनेपचं केंद्र केंब्रिजला. जेफचा पैसा विकसनशील आणि संक्रमणातल्या देशांसाठी असतो. त्यांतल्या अनेक छोट्या देशांत जैवविविधता, हवामान आणि वाळवंटीकरण या तिन्ही करारांचं काम एकाच माणसाच्या टेबलावर येऊन पडतं.

अशा कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाचा दिवस कसा जातो, हे बघण्यासारखं आहे. फिजीतल्या सुवामध्ये मंगळवारचे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा पनामा सिटीत सोमवारचे दुपारचे तीन वाजलेले असतात. यूएनडीपीचं लॅटिन अमेरिकेचं प्रादेशिक कार्यालय पनामात आहे, आफ्रिकेचं आदिस अबाबात, आशिया-पॅसिफिकचं बँकॉकमध्ये. सगळ्यांना एका बैठकीत बसवायचं तर कुणाला तरी रात्री जागावंच लागतं. म्हणून तीच बैठक दोनदा घ्यायची आणि इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांतून पुन्हा घ्यायची.

पण वेळेपेक्षा जास्त घोळ सह्यांचा. जेफचा पैसा हवा तर देशातल्या जेफच्या संपर्क अधिकाऱ्याचं संमतिपत्र लागतं. अहवाल लिहितो तो जैवविविधता कराराचा संपर्क अधिकारी. हे दोघे पुष्कळदा वेगळ्या खात्यांत बसतात, काही देशांत वेगळ्या मंत्रालयांत. एकाला पैशाची घाई नसते आणि दुसऱ्याला सहीचा अधिकार नसतो. मध्येच निवडणूक होते, मंत्री बदलतो, खात्याचं नाव बदलतं, पत्र नव्या लेटरहेडवर पुन्हा मागवावं लागतं. एकेका देशाचा प्रस्ताव वेगळा करत बसलं तर आयुष्य जाईल, म्हणून सहाव्या अहवालाच्या वेळी पंधरा-वीस देशांची मोट बांधून एकेक प्रकल्प केला गेला. जेफच्या मध्यम आकाराच्या प्रकल्पाला तेव्हा २० लाख डॉलरची मर्यादा होती, त्या मर्यादेत तो बसवायचा. युक्ती चांगली, पण मोटेतल्या एका देशाची सही अडली की बाकीचेही खोळंबतात.

व्यवस्थापकाच्या हातात अधिकार जवळजवळ नाहीत. सार्वभौम सरकारला हुकूम सोडता येत नाही, रागावता येत नाही. हाताशी असतात त्या अनुदानाचे हप्ते, अहवालाचा नमुना, शेजारच्या देशाचं उदाहरण आणि मुदतीची तारीख. यांतलं सर्वांत जोरदार हत्यार तारीख, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. तारीख जवळ आली की मंत्रालय एखादा सल्लागार नेमतं. तो राजधानीत दोन कार्यशाळा घेतो, जुन्या अहवालातले परिच्छेद नव्या शीर्षकांखाली लावतो, आणि काम वेळेत होतं. लोकांना विचारत बसलं तर तारीख चुकते. अशा प्रत्येक कार्यक्रमात हे भांडण आहे, आणि अजून कुणी ते मिटवलेलं नाही.

माँट्रियलच्या परिषदेत १९ डिसेंबर २०२२ रोजी नवा जागतिक आराखडा मंजूर झाला. त्यात २३ उद्दिष्टं. २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा, हे त्यांतलं गाजलेलं. त्याला जुळवून प्रत्येक देशाने आपला आराखडा पुढच्या परिषदेआधी सुधारायचा होता. जेफने या वेळी जागतिक आराखडा मंजूर होण्याची वाट न बघता आधीच तयारीचा पैसा मंजूर केला होता. सुमारे १४० देशांची यूएनडीपी आणि यूनेप यांच्यात जवळपास निम्मी-निम्मी वाटणी झाली. तरीही २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोलंबियातल्या काली शहरातली परिषद संपली, तेव्हा १९६ पैकी ४४ जणांचेच सुधारित आराखडे आले होते. ११९ जणांनी निदान उद्दिष्टांची यादी पाठवली होती. भारताने आपला आराखडा ३० ऑक्टोबरला, परिषद चालू असतानाच, कालीत प्रकाशित केला.

तारीख की माणसं, या प्रश्नावरचा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात होऊन गेला. २००० साली जेफच्या पैशातून, यूएनडीपीमार्फत, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय आराखड्याचं काम काढलं आणि त्याचं तांत्रिक समन्वयन दिलं कल्पवृक्ष या संस्थेकडे. पुण्यातल्या पर्यावरणवाल्यांना ‘कल्पवृक्ष’ आणि तिचे संस्थापक-सदस्य आशिष कोठारी ही नावं नव्याने सांगायला नकोत. सरकारी आराखडा एका स्वयंसेवी संस्थेच्या हाती सोपवणं हेच तेव्हा नवलाचं होतं. संस्थेने पद्धतही उलटी धरली. वरून मसुदा पाठवून खालून अभिप्राय मागवायचे, हे नाही. राज्यांनी, खोऱ्यांनी, काही ठिकाणी एकेका गावाने आपापला आराखडा करायचा आणि त्यातून देशाचा उभा राहायचा. सिक्कीममधल्या रथोंग चू खोऱ्याचा वेगळा आराखडा झाला, उत्तराखंडातल्या नाही कलाँ या गावाचा वेगळा. झहीराबादच्या भागात, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या दख्खनच्या पठारावर, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायकांनी ज्वारी-बाजरी-राळ्याचं गावरान बियाणं सजवलेल्या बैलगाड्यांत भरलं आणि संक्रांतीच्या सुमाराला गावोगाव जत्रा नेली. गाडी गावात थांबायची, बियाणं मांडलं जायचं, कोणतं वाण कोणी अजून राखलंय आणि कोणी टाकलंय याची चर्चा व्हायची. आराखड्यासाठी माहिती गोळा करण्याची ही रीत कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत सापडली नसती.

सत्तरच्या आसपास आराखडे तयार झाले, पन्नास हजारांवर लोकांनी भाग घेतला. शेवटचा राष्ट्रीय दस्तऐवज मंत्रालयाला दिला गेला आणि तिथे अडकला. मंत्रालयाने तो राष्ट्रीय आराखडा म्हणून स्वीकारला नाही. २००५ मध्ये कल्पवृक्षने तो ‘सिक्युअरिंग इंडियाज फ्यूचर’ या नावाने स्वतः छापला. सरकारचा स्वतःचा, बराच आटोपशीर आराखडा २००८ मध्ये आला. २०१४ मध्ये त्याला १२ राष्ट्रीय उद्दिष्टांची पुरवणी जोडली गेली.

या सगळ्यात आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाला काय करता आलं असतं? फारसं काही नाही. प्रक्रियेला पैसा देता येतो, पण तिच्यातून जे निघेल ते सरकारने मान्य करावं, असं सांगता येत नाही. आराखडा ‘देशाचा स्वतःचा’ असला पाहिजे, असं यूएनच्या कागदपत्रांत पुन्हापुन्हा लिहिलेलं असतं. देश म्हणजे मंत्रालय की झहीराबादची बाई, हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं. तरी माझं मत विचाराल तर तो पैसा वाया गेला नाही. त्या प्रक्रियेत जमलेली माणसं आणि माहिती पुढे कामाला आली. मंत्रालयाच्या कपाटात गेला तो फक्त कागद.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची. माधव गाडगीळ यांनी आग्रहाने मांडलेली ही कल्पना. वर्षानुवर्षं काम मुंगीच्या पावलाने चाललं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्याला महिना १० लाख रुपये भरायला सांगितलं. काही वर्षांत देशभरातल्या नोंदवह्या अडीच लाखांच्या वर गेल्या. यांतल्या किती गावकऱ्यांशी बोलून लिहिल्या गेल्या आणि किती एजन्सीने शेजारच्या गावाची यादी उतरवून पुऱ्या केल्या, हा प्रश्न ग्रामसेवकाला एकट्याला गाठून विचारावा.

आता राष्ट्रीय अहवालाचा नमुनाही बदलला आहे. सातव्या अहवालाला २८ फेब्रुवारी २०२६ ही मुदत ठरली आणि त्यात सगळ्या देशांना सामाईक असे मुख्य निर्देशक आले. घरच्या पेपरवर उपाय म्हणून हे योग्यच आहे. ज्या देशाकडे स्वतःची आकडेवारी नाही त्याला यूएन बायोडायव्हर्सिटी लॅबच्या संकेतस्थळावर उपग्रहांवरून बनवलेले नकाशे फुकट मिळतात. पण सामाईक मोजमापाला स्वतःचे आंधळे कोपरे असतात. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असलेली कोणतीही जमीन वनाच्छादनात धरतं, मालकी कुणाचीही असो, झाडं कसलीही असोत. त्यामुळे कोकणातली हापूसची बाग त्यात येऊ शकते. उलट पुणे-सोलापूरकडची माळरानं पडीक जमिनींच्या नकाशात जातात. लांडगा, चिंकारा, धाविक यांचं घर कागदावर पडीक, आणि पडीक जमिनीवर झाडं लावली की प्रगती. गवत उपटून रोपं लावणाऱ्या देशाने ‘उद्दिष्ट गाठू’ यावर प्रामाणिकपणे खूण केली, तर नमुन्याच्या हिशोबाने ती बरोबर ठरेल. हा दोष दुरुस्त करायला केंब्रिजचा तज्ज्ञ उपयोगी नाही. तिथे मेंढ्या चारणारा धनगर किंवा माळरानावर काम केलेला अभ्यासक बैठकीत असावा लागतो, आणि त्याला बोलवायला वेळ लागतो.

पैशाच्या बाबतीत मात्र या यंत्रणेने एक खरोखर नवी गोष्ट आणली. २०१२ मध्ये हैदराबादला कराराची अकरावी परिषद भरली, तिथे यूएनडीपी आणि युरोपीय आयोगाने ‘बायोफिन’ हा उपक्रम सुरू केला. काम किचकट: देशाचा अर्थसंकल्प घ्यायचा आणि त्यातला जैवविविधतेवरचा खर्च शोधून काढायचा. व्याघ्र प्रकल्पाचा सगळा खर्च धरायचा, हे सोपं. मृदसंधारणाच्या शीर्षाखालचा किती? मनरेगातून खोदलेल्या तळ्याचा किती, दहा टक्के की चाळीस? प्रत्येक शीर्षाला टक्का लावायचा आणि तो का लावला ते लिहून ठेवायचं. भारतात हे काम राष्ट्रीय पातळीवर झालं आणि राज्यांपैकी महाराष्ट्रातही करून बघितलं गेलं. या निमित्ताने वनखात्याची माणसं वित्तखात्याच्या माणसांसमोर बसली. एरवी त्यांची गाठ पडते ती फाइलवरच्या शेऱ्यांतून.

कालीत प्रकाशित झालेल्या भारताच्या आराखड्यात या पद्धतीचे आकडे आहेत. २०१७-१८ ते २०२१-२२ या वर्षांत दर वर्षी सरासरी सुमारे ३२ हजार कोटी रुपये जैवविविधतेसाठी खर्च झाले, आणि २०३० पर्यंत दर वर्षी सुमारे ८१ हजार ६०० कोटींची गरज आहे. ही गरज आहे, तरतूद नव्हे. सरकारी तिजोरीतून झालेला खर्च आता मुख्य निर्देशकांत आल्यामुळे हा आकडा दर अहवालात सांगावा लागणार आहे, आणि आठव्या अहवालाची मुदत ३० जून २०२९ आहे. माळरानावर झाडं लावण्याचा खर्च त्यात कुठल्या टक्क्याने धरला जातो, ते मी तेव्हा आधी बघेन.